शेवटची मोजणी आपल्या हातची

एकतीस वर्षं मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेत कॅशियर होते. शेवटची नऊ वर्षं हेड कॅशियर. आमच्या काउंटरच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही.' लोकांना वाटतं ही पाटी बँकेनं स्वतःच्या सोयीसाठी लावलेली असते. ती गिऱ्हाइकाच्या हिताची आहे हे मी नोकरीत शेकडो वेळा बोलले असेन, पण मला ते मनापासून पटलं ते इंडोनेशियातल्या बालीत, कुता नावाच्या समुद्राकाठच्या गावात, टीशर्टांच्या एका दुकानाच्या मागच्या टेबलापाशी.

मागच्या जूनमध्ये आम्ही चौघं बालीला गेलो होतो. मी, हे, माझी ताई आणि भावोजी. जूनमध्ये आपल्याकडे पावसाची झोड असते, तिकडे कोरडा ऋतू. परत आल्यापासून ओळखीतल्या सहा-सात जणांनी तरी फोन करून 'काय काय सांभाळायचं' म्हणून विचारलं. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

पहिली फसवणूक सांगलीत घरी बसल्याच होऊ शकते. लेकीनं व्हिसासाठी शोध घेतला तर सगळ्यात वर आलेली वेबसाइट सरकारी वाटावी अशी होती, राजचिन्ह वगैरे सगळं, आणि पैसे मागत होती जवळपास दुप्पट. खरा दर विमानतळावरही ५ लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन) आणि ऑनलाइन काढला तरी तेवढाच, तीस दिवसांसाठी. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या परदेशी पर्यटकाकडून माणशी दीड लाख रुपिया कर घेतात, तो 'लव्ह बाली' या सरकारी साइटवर भरता येतो. दोन्ही ठिकाणी पत्त्याचा शेवट 'गो डॉट आयडी' असा आहे का, एवढं बघायचं. नसेल तर ती खिडकी बंद करायची.

आता पैशांचं. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हा माझा प्रांत.

इंडोनेशियाच्या नोटांवर शून्यं फार. आम्ही गेलो तेव्हा आपल्या एका रुपयाला एकशेनव्वदच्या आसपास रुपिया मिळत होते. लाखाची लाल नोट म्हणजे आपले सव्वापाचशे रुपये. दहा हजाराची नोट जांभळी, वीस हजाराची हिरवी, पन्नास हजाराची निळी. हॉटेलांच्या मेन्यूवर नुसतं '८५ के' लिहितात, म्हणजे पंच्याऐंशी हजार. मोठ्या हॉटेलांत आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं असतात, त्याचा अर्थ कर आणि सेवाशुल्क वेगळं, बहुतेक ठिकाणी मिळून वीस-एकवीस टक्के. पहिले दोन दिवस डोकं या शून्यांतच अडकतं. एरवी चोख हिशेबाचा माणूससुद्धा 'बरोबर असेल' म्हणून पैसे देऊन टाकतो, आणि ठगाला नेमकं तेच हवं असतं.

कुताच्या गल्ल्यांत दर वीस पावलांवर मनी चेंजरची पाटी. सगळीकडे डॉलरला सोळा हजार शंभर-दीडशेचा भाव, आणि एका ठिकाणी सोळा हजार सहाशे! शिवाय खाली 'नो कमिशन'. हे थांबले. मी म्हटलं, "जास्त भाव कशातून देणार हा?" पण तोवर दारातला मुलगा "इंडिया? शाहरुख खान!" करत ह्यांना आत घेऊन गेला होता. पुढे टीशर्ट, चाव्यांच्या साखळ्या, लाकडी मूर्ती, आणि मागे पडद्याआड एक टेबल. टेबलामागे दोन तरुण.

ह्यांनी शंभराच्या तीन नोटा दिल्या. त्यानं कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला, ४९ लाख ८० हजार. मी माझ्या फोनवर करून पाहिला. बरोबर होता. मग त्यानं खणातून वीस हजाराच्या नोटा काढल्या. पन्नास हजाराच्या किंवा लाखाच्या नाहीत, वीस हजाराच्या. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. लाखाच्या पन्नासएक नोटांत जे काम होतं त्याला हा अडीचशे नोटा लावतोय. आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर मी वर बघितलं असतं. जितक्या नोटा जास्त, तितकी चूक लपायला जागा जास्त.

दहा-दहा लाखांच्या गड्ड्या त्यानं आडव्या-उभ्या रचल्या. ह्यांना म्हणाला, तुम्ही मोजा. ह्यांनी मोजल्या. २४९ नोटा, बरोबर. हे समाधानानं हात पुढे करणार, तेवढ्यात तो म्हणाला, "वन मोअर टाइम, सर, फॉर यू." आणि सगळ्या गड्ड्या परत स्वतःकडे ओढल्या.

इथून पुढचं मी अगदी जवळून पाहिलं. त्यानं गड्डी दोन्ही हातांत घेतली, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या, जशा आम्ही पट्टी बांधायच्या आधी जुळवतो. अंगठे आमच्या बाजूला, बाकीची बोटं त्याच्या बाजूला. ठोकताना उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आत वळली. मागच्या सात-आठ नोटा गड्डीपासून सुटल्या आणि टेबलाच्या कडेवरून खाली पडल्या, बहुतेक उघड्या खणात किंवा मांडीवर. आवाज ठोकण्याच्या आवाजात मिसळला. त्याच क्षणी दुसऱ्यानं ह्यांना विचारलं, "बालीत कुठे कुठे फिरणार?" हे उत्तर देण्यासाठी मान वर करून बघायला लागले. दुसरी गड्डी, परत तसंच. दुसरीला मला खात्री पटली. पाचही गड्ड्या त्यानं रबर लावून ह्यांच्या हातात दिल्या आणि उठून उभाच राहिला, म्हणजे आता निघा.

मी रबर काढलं आणि तिथेच मोजायला बसले. "मॅडम, ऑलरेडी काउंटेड," तो म्हणाला. मी मोजत राहिले. २१४ नोटा. पस्तीस कमी. सात लाख रुपिया, आपले साडेतीन हजार रुपयांच्या वर. जास्त भावातून जे मिळणार होतं त्याच्या कितीतरी पट त्यानं एका मिनिटात काढून घेतलं होतं.

मी नोटा त्याच्यापुढे सरकवल्या आणि म्हटलं, "डॉलर्स बॅक." तो आधी हसला. मग 'कमिशन आहे' म्हणाला. मग आवाज चढवला. भावोजी माझ्या मागून म्हणायला लागले, "जाऊ दे, परक्या मुलखात भांडत बसलो तर कसं होणार, थोडक्यात गेलं समजा." ताईनं माझा दंड धरला. मला त्या दोघांचा राग आला नाही, कारण घाबरणं साहजिक होतं. पण असल्या दुकानांचा सगळा धंदा आपल्या 'जाऊ दे'वर उभा आहे. त्याला माहीत असतं की समोरच्याला सुट्टी खराब करायची नाहीये, चारचौघांत तमाशा नकोय, संध्याकाळी नाच बघायला जायचंय. मी ओरडले नाही. खुर्ची पुढे ओढली आणि बसून राहिले. पंधरा मिनिटं. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं आली तशी त्याची चलबिचल सुरू झाली. शेवटी त्यानं तीन नोटा टेबलावर टाकल्या.

त्यासुद्धा मी तशाच उचलल्या नाहीत. घरून निघतानाच सगळ्या डॉलरच्या नोटांचे नंबर मी वहीत लिहून ठेवले होते. सवयच ती. तिन्हींचे नंबर पडताळले, त्याच होत्या. परत देताना खरी नोट बदलून खोटी किंवा फाटकी देणं हा या खेळाचाच पुढचा भाग असू शकतो. आणि फाटकी, दुमडलेली, पेनाची रेघ असलेली डॉलरची नोट इंडोनेशियात घेतच नाहीत किंवा भाव पाडून घेतात. कोऱ्या करकरीत नोटा न्याव्यात, पाकिटात दुमडू नयेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही परवान्याच्या दुकानात गेलो. त्यांच्या दारावर 'बेरिझिन' (म्हणजे परवानाधारक) असं लिहिलेलं बँक इंडोनेशियाचं, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचं, चिन्ह असतं. काचेचं काउंटर, कॅमेरा, नोटा मोजायचं मशीन, छापील पावती. भाव गल्लीतल्या नेहमीच्या भावापेक्षा शंभर-दीडशे रुपियांनी कमी होता. तीनशे डॉलरला त्याचा फरक फार तर आपले दोनशे-अडीचशे रुपये. तिथल्या मुलीनं नोटा मशीनमध्ये घातल्या, आकडा आमच्याकडे वळवून दाखवला, आणि काचेखालून सरकवल्यावर परत हात लावला नाही.

माझ्या मते सगळं यात आहे. आपण मोजलेल्या नोटेला समोरच्यानं परत बोट लावलं की ती मोजणी रद्द. परत पहिल्यापासून. कितीही वेळ लागो, मागे कितीही रांग असो. शेवटची मोजणी आपल्या हातची.

एटीएम वापरायचं असेल तर बँकेच्या शाखेच्या आतलं. रस्त्यावरच्या एकट्या यंत्रांना कार्डाची नक्कल करणारी पट्टी आणि वर बारीक कॅमेरा लावलेला सापडण्याचे प्रकार बालीत बरेच झालेत. पिन दाबताना दुसरा हात वर आडवा धरायचा. बऱ्याच यंत्रांत पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर, आपल्याला उलट्याची सवय, त्यामुळे कार्ड आत राहून जातं. आपल्या खात्यातून न केलेला व्यवहार दिसला तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवा. त्रयस्थानं केलेल्या फसवणुकीत, आपली चूक नसेल आणि या मुदतीत कळवलं असेल, तर ग्राहकावर भुर्दंड येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काउंटरवर बसून मी पाहिलंय, लोक 'घरी गेल्यावर बघू' म्हणून हे तीन दिवस घालवतात.

टॅक्सीबद्दल थोडक्यात. 'ब्लू बर्ड' कंपनीच्या फिक्या निळ्या रंगाच्या मीटरच्या टॅक्सीचं तिथे चांगलं नाव आहे, म्हणून त्याच रंगाच्या दुसऱ्याही गाड्या फिरतात. रंग बघू नका, दारावरचं नाव आणि टपावरचं चिन्ह बघा, आणि मीटर पडल्याशिवाय बसू नका. फोनवरून गाडी बोलावली तर काही भागांत स्थानिक ड्रायव्हर ती आत येऊ देत नाहीत, तशा पाट्याच लावलेल्या असतात. वाद न घालता मुख्य रस्त्यापर्यंत चालत जावं. त्यांचीही पोटाची लढाई आहे.

आता ताईचं. ताईला विचारून लिहितेय.

चौथ्या दिवशी लेगियानच्या रस्त्यावर एक मुलगा आणि एक मुलगी स्कूटर थांबवून आमच्याशी बोलायला लागले. फार गोड मुलं. नवीन हॉटेलची जाहिरात आहे, पैसे नकोत, फक्त हे कार्ड खरवडा. भावोजींच्या कार्डात टीशर्ट निघाला. ताईच्या कार्डात तीन सारखी चित्रं. ती मुलगी टाळ्या वाजवत नाचायलाच लागली, या महिन्यातलं पहिलं बक्षीस म्हणे! आयपॅड, नाहीतर आठवडाभर रिसॉर्टमध्ये फुकट राहणं, नाहीतर रोख रक्कम. फक्त हॉटेलवर येऊन घ्यावं लागेल, टॅक्सी आमची, दीड तासाचं काम. मग सहज विचारावं तसं विचारलं, नवरा-बायकोच ना? वय काय? क्रेडिट कार्ड जवळ आहे का?

मी आणि हे तेव्हा कापडाच्या दुकानात होतो. बाहेर आलो तर ताईचा मेसेज, 'बक्षीस घेऊन येतो.'

साडेचार तासांनी आले. त्या दुपारी आम्ही तानाह लोतला जाणार होतो. समुद्रातल्या काळ्या खडकावरचं देऊळ, ओहोटीला पायथ्यापर्यंत चालत जाता येतं आणि सूर्य त्याच्या मागे बुडतो. या सहलीत ताईला मनापासून बघायचं होतं ते एवढंच. ते राहिलं, आणि पुढे जमलंच नाही.

झालं होतं ते असं. शहराबाहेरच्या एका रिसॉर्टवर नेलं, सरबत दिलं, खोल्या दाखवल्या. मग एका टेबलाशी बसवून सुट्ट्यांच्या क्लबचं सभासदत्व विकायला सुरुवात. पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा, जगात कुठेही. किंमत हजारो डॉलर, पण आज सही केली तर निम्मी. उद्या विचार करून सांगतो म्हटलं तर 'उद्या ही किंमत नाही'. एक माणूस थकला की दुसरा, त्याच्यावरचा साहेब, मग आणखी वरचा, प्रत्येक जण किंमत खाली आणणारा. परत यायला टॅक्सी तेच देणार, त्यामुळे उठून जाता येईना. 'तुम्ही पात्र आहात का एवढंच बघतो' म्हणून भावोजींचं कार्ड आत नेलं. शेवटी त्या स्कूटरवाल्या मुलीला आणून बसवलं. तिच्या डोळ्यांत पाणी. सही झाली नाही तर मला आजचे पैसे मिळत नाहीत म्हणाली.

"तिच्याकडे बघून मला नाही म्हणवेना गं," ताई मला सांगत होती तेव्हा तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. भीड ही भिकेची बहीण, असं आमची आई म्हणायची, आणि ताई तर तिची सगळ्यात भिडस्त लेक. भावोजींनी कसंबसं 'मुलाला विचारल्याशिवाय सही करत नाही' हे एकच वाक्य धरून ठेवलं म्हणून सुटले. रक्कम गेली नाही. कार्ड नजरेआड गेलं होतं, म्हणून मी तिथल्या तिथे भावोजींच्या बँकेच्या ॲपमधून त्याचे परदेशी व्यवहार बंद करायला लावले. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं ही सोय सगळ्या बँकांना द्यायला लावली, पण किती जण वापरतात? सहलीला जाण्याआधी ते बटण शोधून ठेवा आणि गरज असेल तेवढ्याच वेळेपुरतं चालू करा.

मला विचाराल तर नोटा पाडणाऱ्या तरुणापेक्षा हे वाईट. त्यानं पैसे चोरायचा प्रयत्न केला, यांनी ताईचा चांगुलपणा वापरला. दोन महिने ती स्वतःला दोष देत होती. ज्यांच्या बाबतीत असं झालं असेल त्यांना मी कळकळीनं सांगते, चूक त्या टेबलापलीकडे बसलेल्यांची आहे.

तांजुंग बनोआला पाण्यातले खेळ असतात, पॅराशूट वगैरे. तिथे फलकावरचा भाव निम्म्यावर आणल्याशिवाय पुढे बोलू नये, आणि विमा, लॉकर, बोट यांतलं काय आत धरलंय ते कागदावर लिहून घ्यावं. उलुवातूच्या देवळात माकडं चष्मे पळवतात आणि खाऊ दिला की परत देतात. मौल्यवान वस्तूला जास्त खाऊ मिळतो हे मोठ्या माकडांना कळतं, असं २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी अभ्यास करून दाखवलंय. चष्मा गाडीत ठेवा, किंवा दोरी लावा.

हे सगळं वाचून बालीचे लोकच तसे असं कोणाच्या मनात यायला नको. आमचा ड्रायव्हर नुसा लेंबोंगान बेटावरचा. कोरोनात बाली परदेशी पर्यटकांना दीड वर्षाहून जास्त बंद होतं, तेव्हा तो गाडी विकून बेटावर परत गेला आणि उथळ पाण्यात दोऱ्या बांधून समुद्री शेवाळाची शेती करू लागला. त्याच्या तळहातांवर त्या दोऱ्यांचे वळ अजून आहेत. तांजुंग बनोआला नेल्याबद्दल दुकानदार त्याला कमिशन देतो हे त्यानं आम्हाला आपणहून सांगितलं, आणि दुसरीकडे स्वस्त मिळेल तेही. रोज सकाळी गाडीत बसण्याआधी तो समोरच्या काचेपाशी नारळाच्या पानाच्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवायचा. ह्यांनी शेवटच्या दिवशी त्याला पैसे दिले ते त्यानं न मोजता खिशात घातले. मी त्याला म्हटलं, मोज. त्यानं माझ्यासमोर मोजले.

येत्या डिसेंबरात ताई आणि भावोजी फुकेतला चाललेत, मुलगा-सून आणि नातवंडांबरोबर. मागच्या आठवड्यात ताई माझ्याकडे राहायला आली आणि म्हणाली, मला मोजायला शिकव. बँकेतून दहाच्या नोटांचं नवं बंडल आणलं. दोन संध्याकाळी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. आधी मी तिला हळू करून दाखवलं, करंगळी कशी वळते, नोटा कुठे पडतात. मग मी दुकानदार झाले. ताईनं मोजलं, शंभर. मी म्हटलं, "वन मोअर टाइम, मॅडम," आणि गड्डीकडे हात नेला.

ताईनं माझं मनगट धरलं. "हात लावलास तर मी परत पहिल्यापासून मोजणार," ती म्हणाली, आणि रबर काढून परत मोजायला बसली.